जखम नसलेलं बोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं नाही — मी ते टाळलं, आणि फार हुशारीने टाळलं. कोणी मार्केटच्या जुन्या आठवणी काढल्या की मी गप्पा कांद्याच्या भावाकडे वळवतो. कोणी निवडणुकीचं बोलू लागलं की मला पाणी प्यायला उठायचं असतं. अशी वर्षं गेली. आता उलव्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. खोलीचं दार लोटून हे लिहितो आहे. बाहेर बायको मेथी निवडत बसली आहे. तिलाही माहीत नाही. खरं तर तिला सगळ्यात आधी माहीत व्हायला हवं होतं.

 

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून थोडं सांगतो. मी मूळचा साताऱ्याकडचा. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होतो. गोणी काट्यावर चढली की वजन ओरडून सांगायचं — शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला आणि लिहून घेणाऱ्याला, तिघांनाही एकदम ऐकू गेलं पाहिजे. माझा आवाज खणखणीत. गणपतीत मंडळाच्या माईकवर मीच, हरवलेल्या पोरांची नावं पुकारायला मीच. लोक तोंड न बघता ओळखायचे — संपतराव बोलतायत. या आवाजाचा मला गर्व होता. जे झालं ते या आवाजानेच झालं.

नव्वदनंतरची ती वर्षं. एका वर्षी बायको बाळंतपणाला गावी गेली होती. माझ्याच गावचा बबन मार्केटात हमाल होता, आम्ही एका ताटात जेवलेलो. एका संध्याकाळी त्याच्या ओळखीच्या ट्रकमधून आम्ही हायवेला जेवायला गेलो. जेवण झाल्यावर पुढे कुठे गेलो, ते तुम्हाला कळलं असेल. बबन म्हणाला, "चल की लेका संपा, हितं कोण बघतंय आपल्याला?" त्याच्यावर ढकलत नाही. पाय माझेच होते.

मग भीती सुरू झाली.

तुम्हाला त्या काळातली भीती माहीत आहे का? भिंतीवर कवटीचं चित्र, खाली एक शब्द — एड्स. बस. काय करायचं, कुठे जायचं, काही लिहिलेलं नसायचं. लोक तो शब्द हळू बोलायचे, जणू मोठ्याने बोललं तर लागण होईल. मला तोंड आलं. मग ताप आला, गेला, परत आला. आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा राहायचो. काट्यावर वजन पुकारताना मध्येच घाम फुटायचा. बबन हसायचा — "आरं, उन्हाळा हाय. आपण काय सिनेमातलं हिरो हाय का, आपल्याला असलं काय व्हायला?"

मार्केटच्या मागच्या गेटजवळ, जिथे ट्रक लागतात तिथे, एका संस्थेची छोटी खोली होती. तिथे मंदा सिस्टर बसायच्या. जासईचं माहेर, तुर्भ्याला सासर, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. हमालांच्या जखमा बांधायच्या, पोरांना डोस पाजायच्या, आणि मुतारीशेजारी निरोधची पेटी ठोकून घेतली होती, ती भरायच्या. तपासणीसाठी रक्तही तिथेच घ्यायच्या. सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणून त्या खोलीत जाताना माणूस चार वेळा मागे बघायचा.

मी काय केलं असेल? बोटाला चिंधी गुंडाळली. काहीही लागलेलं नव्हतं. कोणी बघितलंच तर वाटावं — गोणीची तार लागली, पट्टी बांधायला चाललाय. दुपारी सगळे गोण्यांवर आडवे झाले की गेलो.

सिस्टरनी माझी चिंधी सोडली. बोट उलटंसुलटं करून पाहिलं. जखम नाही. माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता हसतील, नाहीतर हाकलतील. त्यांनी काय केलं — कापूस घेतला, औषध लावलं, आणि त्या धडधाकट बोटाला नवी कोरी पट्टी व्यवस्थित बांधली. मग म्हणाल्या, "आता बोला, भाऊ. भाईर जाताना पट्टी दिसंल, कोन काय इचारनार नाय."

मी रडलो. सगळं सांगून टाकलं, बबनसकट. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

रक्त घेतलं. काही दिवसांनी बोलावलं. म्हणाल्या, आत्ता काही निघालं नाही. मी त्यांच्या पायाच पडणार होतो. तर म्हणाल्या, "थांबा. यवढ्यात नाचू नका. ह्या रोगाचं येकदम कलत नाय. तीन म्हयन्यांनी परत या. तवर घरात जपून." आणि पाकिटं हातात दिली. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी स्वतःचंच सांगायला घेतलं. त्यांचे यजमान काविळीने गेले होते. दारू प्यायचे, म्हणून डॉक्टरकडे जायला लाजले. "लाजंनी गेला मानूस. तुमी लाजू नका. बबनभाऊला पन घेऊन या."

हे मला माहीत होतं. कावीळ. त्यांच्या तोंडून, त्या खोलीत ऐकलेलं. हे लक्षात ठेवा.

त्याच सुमाराला महापालिकेची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात तात्या उभे राहिले — ट्रान्सपोर्टवाले, मार्केटात वजन असलेला माणूस. एक वकील उभे राहिले. आणि मंदा सिस्टर अपक्ष उभ्या राहिल्या. कोणी हसलं, कोणी म्हणालं बघू या. तात्यांनी मला बोलावून घेतलं. प्रचाराची रिक्षा, वर भोंगा, आत माईक. "संपतराव, आवाज तुमचा, मत आमचं." तात्यांच्या शब्दाला मार्केटात नाही म्हणायची पद्धत नव्हती. शिवाय मला मान मिळत होता. मी बसलो.

एका सोसायटीच्या हॉलमध्ये तिन्ही उमेदवारांना एकत्र बोलावलं होतं. पाणी, रस्ते, गटारं झाली. मग शाळेच्या हेडमास्तरांनी उठून विचारलं — नववीच्या मुलामुलींना शरीराची, या नव्या रोगाची माहिती शाळेत द्यावी की देऊ नये?  वकीलसाहेब म्हणाले, विषय नाजूक आहे, पालकांशी चर्चा करू. तात्या म्हणाले, असली घाण आमच्या लेकरांच्या दप्तरात जाऊ देणार नाही — टाळ्या पडल्या. सिस्टर म्हणाल्या, द्यावी. मी स्वतः येऊन देईन. मुलींना वेगळं बसवून, मुलांना वेगळं. आणि मार्केटात एक पेटी आहे, तिथे चार करीन.

टाळी एकही नाही.

परत येताना तात्या गाडीत बसता बसता मला काय म्हणाले, सांगू? "संपतराव, बाई बोलते ते खरं आहे. माझे ड्रायव्हर गेलेत ह्याच्यात. पण हे मी माईकवर बोललो तर माझी आईसुद्धा मला मत द्यायची नाही." आणि हसले. मीही हसलो.

मग चिन्हं वाटली गेली. सिस्टरना काय मिळावं? फुगा. आता मार्केटातल्या माणसाला फुगा म्हटलं की काय आठवणार? त्या पेटीतली पाकिटं पोरं पळवायची, फुगवायची, आणि पांढरे लांबोडे फुगे घेऊन गाळ्यागाळ्यांतून धावायची. आम्ही निरोधला फुगेच म्हणायचो. झालं. 'फुगेवाली बाई' असं नाव पडलं. तात्यांची पोरं सिस्टर दिसल्या की गाल फुगवून दाखवायची.

पण ती बाई बधली नाही. नाक्यावर सभा घेतली आणि सुरुवातच केली — "व्हय, फुगेवालीच हाय मी! पोरांच्या हातात माझंच फुगं, आन् बाप्यांच्या खिशात पन माझंच फुगं. मंग लाजताव कशाला?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुरुष एकमेकांच्या खिशाकडे बघत हसले. नाव ठेवायला आलेले लोक ऐकायला थांबले. पुढच्या सभेला गर्दी वाढली.

मी रिक्षात होतो, गर्दीच्या कडेला. 'बाप्यांच्या खिशात' म्हणताना सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं.

पाहिलं का? आज मला वाटतं, सगळ्यांकडेच पाहत होत्या, गर्दीवरून नजर फिरवत होत्या. पण त्या क्षणी माझ्या सदऱ्याच्या खिशात त्यांनीच दिलेलं पाकीट होतं. माझा हात आपोआप खिशावर गेला. आणि मनात आलं — ही मला सांगते आहे. मी तात्यांच्या रिक्षात बसतो म्हणून सांगते आहे. उद्या ही माईकवर माझं नाव घेईल. संपतराव मापाडी, बोटाला खोटी पट्टी बांधून आला होता.

बायको तोवर बाळाला घेऊन गावाहून आली होती. मी उकाड्याचं निमित्त सांगून गॅलरीत झोपत होतो. तिने विचारलंही — "अहो, माझं काही चुकलं का?" काय सांगणार होतो? तीन महिने व्हायचे होते. रस्त्यातून सिस्टरचा प्रचार ऐकू आला की मी कान टवकारून बसायचो. आता घेईल नाव. आता घेईल. 

एवढी ती चांगली वागली होती माझ्याशी, मग मला तिच्याबद्दल असं वाटलंच कसं? याचं उत्तर माझ्याकडे आहे, ते चांगलं नाही. मी तिच्या जागी असतो तर नाव घेतलं असतं.

सिस्टरच्या सभांची गर्दी वाढली तसे तात्या चिडले. फुग्याने काही होत नाही, दुसरं काहीतरी काढा म्हणाले. काय काढायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो. कोणी सांगितलं नाही. रिक्षा सुरू झाली, नाक्यावर आली, चहाच्या टपरीवर माणसं होती, नळावर बायका होत्या. मी माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो —

"मतदार बंधू-भगिनींनो! सिस्टरबाई आपल्या लेकरांना काय शिकवणार ते त्यांनी सांगितलं. पण सिस्टरबाईंचे यजमान कशाने गेले, हे त्यांनी सांगितलं का?"

एवढंच. खोटं काय बोललो? काहीच नाही. मी फक्त प्रश्न विचारला होता. नळावरच्या बायकांचे हात थांबलेले मला दिसले. मी परत विचारलं. मग पुढच्या गल्लीत विचारलं. दिवसभर विचारत राहिलो. संध्याकाळपर्यंत उत्तरही तयार झालं होतं, आणि ते मला द्यावं लागलं नव्हतं.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी इथेही सारखे प्रश्न विचारतो आहे. ती सवय तेव्हाची. सांगायचं नसेल तेव्हा विचारायचं. यापुढे शक्य तितकं सरळ लिहितो.

माझा हिशोब असा होता: उद्या सिस्टरनी माझं नाव घेतलं तरी लोक म्हणतील, ती सुडाने बोलते. तिचा शब्द आधीच मोडून ठेवायचा होता. मी तो मोडला.

त्यांच्या शेजारणीने त्यांच्या घरून आलेली वाटी न धुता, न उघडता परत पाठवली. खोलीत जखम बांधायला कोणी येईना. घरी आलो तर बायको बाळाला कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घालत होती. रडवेली झाली होती. म्हणाली, "बरं झालं हो तुम्ही सांगितलंत. आपल्या बाळाला त्या बाईनेच डोस पाजले होते. हात लावला होता तिने." पोरगं गार पाण्याने काकडत होतं. ज्याची भीती धरायला हवी होती, तो दारात उभा होता. मी चप्पल काढली आणि जेवायला बसलो.

शेवटच्या सभेला गर्दी होती, पण ती ऐकायला आलेली नव्हती. कोणीतरी मागून ओरडलं, "यजमानांचं सांगा!" मी रिक्षात होतो. म्हटलं, आता कावीळ म्हणतील. कागद दाखवतील. किंवा माझ्याकडे बोट करतील. मी रिक्षावाल्याला गाडी चालू ठेवायला सांगितली होती.

सिस्टरनी ओरडणाऱ्याच्या दिशेला तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "माझा मानूस कशानं गेला ते मी सांगनार नाय. आज मी सांगितला, तं उद्या तुमी परतेक मयताच्या दारात जाऊन ह्योच सवाल इचारशाल. मंग कोन माझ्या खोलीत यनार नाय." लोक हसले. कोणी फुगा फोडला. त्यांनी नमस्कार केला आणि खाली उतरल्या.

कावीळ एवढा एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. त्या माझ्यासारख्यांसाठी गप्प राहिल्या. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कळलं असं म्हणालो तर ते खोटं होईल.

तात्या निवडून आले. मला हार घातला, पेढा भरवला. पुढच्या काही आठवड्यांत मुतारीशेजारची पेटी निघाली, भिंतीवर खिळ्यांची भोकं राहिली. खोली मार्केटला दुसऱ्या कामाला हवी झाली. शाळेत कोणी काही शिकवलं नाही. सिस्टर पोराला घेऊन जासईला माहेरी गेल्या असं कानावर आलं.

आणि बबन. सिस्टरनी त्याला आणायला सांगितलं होतं. मी त्याला निवडणुकीआधी एकदा म्हणालो होतो, येतोस का. त्या प्रश्नानंतर मी कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि तो तरी त्या खोलीकडे कसा फिरकणार? पुढे काही वर्षांनी तो वाळत गेला. गोणी उचलेना. गावी नेलं. गावात सांगितलं, टीबी आहे. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "संपा, तुझा आवाज आला आन् बरं वाटलं." त्याच्यामागून त्याची बायकोही गेली. ती तर कधी मार्केटला आलीसुद्धा नव्हती.

वेळेवर गेला असता तर वाचला असता, असं मी म्हणत नाही. तेव्हा औषधं कुठे होती. पण त्याला कळलं असतं. निदान ती वाचली असती.

मी स्वतः परत तपासायला गेलो नाही. सिस्टर नव्हत्या, आणि दुसरीकडे जायची छाती नव्हती. आणि गॅलरीत किती दिवस झोपणार? एक दिवस मी आत जाऊन झोपलो. पाकिटं केव्हाच फेकून दिली होती, बायकोने विचारलं असतं म्हणून. हे वाक्य मी तिसऱ्यांदा लिहितो आहे, दोनदा खोडलं. मला माहीत नव्हतं मला काय आहे, आणि तरी मी आत जाऊन झोपलो. तिला सर्दी झाली तरी मी तिच्याकडे चोरून बघत राहायचो. वर्षानुवर्षं. पुढे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं — त्यात ही तपासणीही असते — तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. बायको म्हणाली, नॉर्मलच असणार, रडताय काय.

ती सुटली ती नशिबाने. मी सोडवलं नाही तिला.

गेल्या वर्षी जासईला एका लग्नाला गेलो होतो. उलव्याहून लांब नाही. मांडवात कोणीतरी म्हणालं, इथल्या मंदा सिस्टर अजून आहेत, पलीकडच्या आळीत. मी जेवण न करता उठलो. रस्ताभर वाक्य जुळवत गेलो. सिस्टर, मी तुमचा गुन्हेगार आहे. नको, फार नाटकी. सिस्टर, मला माहीत होतं कावीळ होती. हे बरं. हेच बोलायचं.

ओटीवर बसल्या होत्या. डोळ्यांनी फारसं दिसत नसावं, मान भांड्यांच्या आवाजाकडे वळवून बसलेल्या. सून भांडी घासत होती. मी म्हणालो, "सिस्टर आहेत का?" माझा आवाज आता फाटलाय, चिरका झालाय, माझी नातवंडं हसतात.

त्यांनी मान वळवली.  मग सुनेला म्हणाल्या, "पानी आन गो. मार्केटचं भाऊ आलंत." आणि मला — "बोट बरा झाला का, भाऊ?"

सून तांब्या घेऊन उभी होती, माझ्या हाताकडे बघत होती. मी म्हणालो, "झालं."

"पट्टी बदलाया परत आलाव नाय तुमी. मी वाट बगली. तिकडून निगताना पन शेजारनीला सांगून ठेवला व्हता, मार्केटचं भाऊ आलं तं माझा पत्ता द्या." सुनेला कळू नये म्हणून त्या अजूनही पट्टीच म्हणत होत्या. "तवापास्ना मनात ऱ्हायला व्हता. बरा झाला ना पन? नक्की?"

"नक्की."

"मंग बरा," त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांचे खांदे सैल झाले.

मी पाणी प्यायलो. पाण्याबरोबर ते वाक्य वर आलं होतं — मला माहीत होतं, कावीळ होती. तोंड उघडलं. सून समोर होती, पण ती नसती तरी काय झालं असतं, ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "येतो, सिस्टर." त्यांनी आवाजाच्या दिशेने हात जोडले. मी तांब्या ओटीवर ठेवला आणि निघालो.